तंबाखू सुटते कशी? सवयींचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांना कधी ना कधी क्षेत्रीय प्रकल्प करावा लागतो, आणि बऱ्याच जणांचा विषय ठरलेला असतो : 'ग्रामीण भागातील व्यसनाधीनता व जनजागृती'. प्रश्नावली छापायची, शंभर जणांकडून खुणा करून घ्यायच्या आणि शेवटी 'जनजागृतीची नितांत गरज आहे' असं लिहून मोकळं व्हायचं. हे वाक्य वस्तीत पाय न ठेवताही लिहिता आलं असतं. शिवाय ते चूक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ९५.६ टक्के प्रौढांना धूरविरहित (खायच्या, चघळायच्या किंवा लावायच्या) तंबाखूने गंभीर आजार होतात हे मान्य होतं, आणि त्याच सर्वेक्षणात २१.४ टक्के प्रौढ ती वापरत होते. पुडीचा ८५ टक्के भाग सडलेल्या तोंडाच्या चित्राने आणि इशाऱ्याने भरलेला असतो. ती पुडी दिवसातून कितीदा तरी खिशातून निघते, चित्र डोळ्यांसमोर येतं आणि बार भरला जातो. माहिती पोचलेली आहे. ठाऊक असूनही हात पुडीकडे का जातो आणि काहींचा जायचा कसा थांबतो, हे शोधायचं आहे.

हा लेख त्या कामाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण तंबाखूचं घेतलं आहे, पण गोड चहा, जेवणातलं मीठ किंवा रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल यांनाही हाच क्रम चालतो.

१. एक सवय, एक गट, एक जागा

'आरोग्यवर्तन' हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही, ते शास्त्राचं नाव आहे. 'महिलांमधील व्यसन' हाही विषय नाही. 'अमुक वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या, तिशी-चाळिशीतल्या बायका सकाळी मशेरी लावतात ती सवय' हा विषय झाला. कोण, काय, कधी, कुठे आणि कुणासोबत, एवढं एका ओळीत सांगता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

सवय निवडताना आपल्या भागाचे आकडे पाहा. वरच्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार वापरत होते; धूरविरहित २४.४ टक्के, ओढणारे फक्त ३.८ टक्के. पाठ्यपुस्तकं मात्र बहुतेक बाहेरची, आणि त्यांतली उदाहरणं सगळी सिगारेटची. सिगारेट मोजता येते, धूर दिसतो, वास येतो, घरातले बोलतात. मशेरीला यातलं काहीच लागू नाही. म्हणून पुस्तकातली मोजपट्टी जशीच्या तशी उचलून चालत नाही.

मशेरी हा किरकोळ प्रकार वाटत असेल तर मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास ध्यानात ठेवा. तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,२१७ बायका होत्या, आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं.

२. आधी वस्तू ओळखा

ज्याला तंबाखू-चुना, मशेरी, मावा आणि खर्रा यांतला फरक माहीत नाही त्याला टपरीवर कुणी खरं सांगणार नाही, आणि सांगितलं तरी त्याला कळणार नाही. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, दातांना आणि हिरड्यांना लावायची. काही भागांत तिलाच मिश्री म्हणतात. खर्रा विदर्भातला : सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटलेला. गुटख्याच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुठून घेता, हे विचारू नका. तुमच्या अभ्यासाला त्या उत्तराची गरज नसते, आणि विचारलंत की समोरचा तुम्हाला सरकारी माणूस समजून गप्प होतो.

चुना कशासाठी, हेही समजून घ्या. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्या अवस्थेत निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून लवकर रक्तात उतरतं. तळहातावर अंगठ्याने मळणं नुसती लकब नाही. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. एखाद्या गवंड्याचा दिवस लिहून काढला आणि दर दीड-दोन तासांनी बार भरलेला दिसला, तर त्यातलं किती शरीराचं आणि किती कामाच्या सुट्टीचं, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

३. विचारण्याआधी बघा

नवखे नेमकी हीच पायरी गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

किमान दोन-तीन दिवस प्रश्नावली घरी ठेवा. साधी वही घ्या आणि जिथे सवय घडते तिथे बसा : एसटी स्टँड, मजूर अड्डा, बांधकामाची साइट, कापूस वेचणीचं शेत, नळाची रांग. बसण्याआधी मुकादमाला, सरपंचांना किंवा दुकानदाराला कशासाठी आलात ते सांगा. मग प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपा : बार भरण्याच्या अगदी आधी काय झालं, सोबत कोण होतं, आणि नंतर लगेच काय बदललं. मत लिहायचं नाही. 'टाइमपास म्हणून खाल्ली' हे मत झालं. 'मिक्सर बंद पडला, चौघे सावलीत बसले, एकाने पुडी काढली, मळून चौघांना दिली, दहा मिनिटं बोलले, उठले' ही नोंद झाली.

अशा नोंदी साठल्या की तंबाखू काय काय कामं करते ते दिसू लागतं. ती भूक मारते. जेवणाची सुट्टी एक वाजता असेल आणि माणूस पहाटे भाकरी बांधून निघाला असेल तर अकरा वाजताच्या बाराचा अर्थ निराळा असतो. ती सुट्टी मिळवून देते, कारण नुसतं बसलेल्या मजुराला मुकादम हटकतो, तंबाखू मळणाऱ्याला सहसा हटकत नाही. ती ओळख करून देते. अनोळखी माणसाशी बोलायला 'तंबाखू आहे का?' यापेक्षा सोपी सुरुवात आपल्याकडे क्वचितच असेल, आणि त्यात जात, पगार, वय आडवं येत नाही. मशेरीचं काम निराळं. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येईल. हसू नका. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं, हे वैद्यकाला मान्य आहे. दुखऱ्या दाढेवर मशेरी दाबणारी बाई जवळच्या दंतवैद्याची फी आणि बुडणारा रोज यांचा हिशोब आधीच करून बसलेली असते.

तंबाखू करत असलेल्या कामांची यादी हा तुमच्या अभ्यासाचा पाया. जो उपाय त्या कामाला दुसरं काही देत नाही, तो फार दिवस टिकत नाही असं माझं मत आहे.

४. परवानगी, आणि मग प्रश्न

मुलाखती घेण्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतिपत्र मराठीत, मोठ्याने वाचून दाखवता येईल असं लिहा. लिहिता न येणाऱ्यांचा अंगठा साक्षीदारासमोर घ्या. अठरा वर्षांखालच्यांचा अभ्यास पहिल्याच प्रकल्पात नको. तिथे पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतं, आणि मूल तंबाखू खातं हे पालकांना तुमच्याच तोंडून कळण्याचा धोका असतो.

प्रश्न विचारताना दोन सापळे आहेत. पहिला, 'तुम्ही तंबाखू खाता का?' मशेरी लावणारी बाई 'नाही' म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसेल. तिच्या लेखी ती खात नाही, दात घासते. प्रत्येक प्रकार नावानिशी आणि त्याच्या क्रियापदासह विचारा : खाता का, लावता का, ओढता का, चघळता का. दुसरा सापळा, 'दिवसातून सरासरी किती वेळा?' सरासरी कुणाच्याच लक्षात नसते. काल काय झालं ते विचारा. बोलणं साधारण असं चालावं :

'मावशी, काल उठल्यापासून काय काय केलंत, सांगाल का?'

'काय करणार बाई, उठले, पाणी भरलं, मशेरी लावली, मग च्या टाकला.'

'मशेरी लावून किती वेळ बसलात?'

'पाणी येतंय तोवर. काल नळ उशिरा आला, तर दोनदा लावली.'

एवढ्यात तुम्हाला वेळ, जागा, कारण आणि मात्रा चारही मिळाली, आणि 'व्यसन' हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो शेवटपर्यंत उच्चारू नका. मुलाखत सासू किंवा नवरा ऐकत असताना घेऊ नका. बाईमाणसाशी बाईनेच बोललेलं बरं.

मात्रा मोजण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे पुडी किंवा डबी किती दिवस पुरते आणि त्यातून आणखी कोण घेतं, हे विचारणं. शरीराला किती सवय झाली आहे हे जोखायला फागरस्ट्रोम यांची चाचणी वापरतात. तिचा धूरविरहित तंबाखूसाठी बदललेला अवतारही आहे. त्यातला सगळ्यांत उपयोगी प्रश्न एकच : सकाळी उठल्यावर किती वेळात पहिल्यांदा घेता? पाच मिनिटांच्या आत घेणारा आणि जेवणानंतर घेणारा यांना एकाच रकान्यात घालू नका. सुटताना दोघांना होणारा त्रास सारखा नसतो.

५. सिद्धांत आता उघडा

वही भरल्यानंतर पुस्तक उघडलं की त्यातलं काय आपल्या कामाचं, ते लगेच कळतं. उलट केलं तर माणसं सिद्धांतात कोंबली जातात.

तीन चौकटी पुरतात. पहिली, आरोग्य-श्रद्धा प्रारूप. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या फुकट एक्स-रे तपासणीलाही लोक का येत नाहीत, या प्रश्नातून ती उभी राहिली : मला धोका आहे असं वाटतं का, तो गंभीर वाटतो का, फायदा दिसतो का, अडचण किती. धोक्याचा आणि गांभीर्याचा भाग आपल्याकडे बऱ्याच अंशी पोचला आहे, हे सुरुवातीच्या आकड्यांतच दिसलं. फक्त 'माझ्या आज्याने नव्वदीपर्यंत खाल्ली' हे उत्तर कानावर येतं तेव्हा धोका 'मला' आहे असं त्या माणसाला वाटत नाही, हे ओळखा.

दुसरी, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांची बदलाच्या टप्प्यांची. विचारच नाही, विचार आहे, तयारी, कृती, टिकवणं. विद्यार्थ्यांची ही लाडकी, कारण शंभर माणसं पाच खोक्यांत घालता येतात आणि तक्ता देखणा दिसतो. पण सहा महिन्यांत सोडणार म्हणाला तर एक टप्पा आणि महिन्याभरात म्हणाला तर दुसरा, या रेषा मनाने आखलेल्या आहेत, अशी टीका रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये केली आणि ती रास्त आहे. कित्येक जण कुठलीही तयारी न करता एका दुपारी पुडी फेकतात आणि त्यांची सुटते. कुणाशी काय बोलावं याचा अंदाज घ्यायला टप्पे बरे. माणसावर कायमचा शिक्का मारायला नको.

तिसरी, सुसान मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली कॉम-बी. कोणत्याही वर्तनाला क्षमता, संधी आणि प्रेरणा लागतात. क्षेत्रकामाला मला हीच जवळची वाटते, कारण ती माणसाच्या मनाइतकीच त्याच्या साइटकडेही बघायला लावते. आपल्या गवंड्याला सोडायची इच्छा आहे, म्हणजे प्रेरणा आहे. तलफ आल्यावर काय करायचं हे माहीत नाही, म्हणजे क्षमता कमी. चौघे सोबती दिवसभर मळून पुढे करतात आणि टपरी फाटकाशीच आहे, म्हणजे संधी सगळी खाण्याची. त्याला व्याख्यान देऊन काय होणार?

६. ज्यांची सुटली त्यांना गाठा

प्रोचास्का-डिक्लेमेंटींचं १९८३ चं मूळ काम कुठलाही उपचार न घेता स्वतःहून धूम्रपान बदलणाऱ्या ८७२ लोकांवर होतं. तुमच्या वस्तीतही अशी माणसं आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. गरोदरपणात सोडलेली, घरात कुणाला तोंडाचा कर्करोग झाल्यावर सोडलेला, मुलीने बोलणं टाकलं म्हणून सोडलेला. गळ्यात माळ आल्यावर दारू आणि मांस सुटलं पण तंबाखू राहिली, अशीही माणसं भेटतील. त्यांच्याशी जरूर बोला. एकाच माणसाने एक सोडलं आणि दुसरं ठेवलं, यातून कुठल्या गोष्टीला समाज 'सोडण्यासारखी' मानतो ते उलगडतं.

अडचण एवढीच की वर्षं लोटली की गोष्ट गुळगुळीत होते. 'मनाशी ठरवलं आणि सोडली' असं उत्तर येईल. तिथे थांबू नका. पहिले तीन दिवस कसे गेले? झोप लागली का? कुणावर चिडलात? हात खिशाकडे गेला तेव्हा तिथे काय होतं? तोंडात काय धरलंत, लवंग, बडीशेप, ओवा? मित्रांनी पुढे केली तेव्हा काय म्हणालात? याआधी कधी सोडून पाहिली होती? चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, बद्धकोष्ठ ही लक्षणं पहिल्या काही दिवसांत सर्वांत जोरात असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरतात. तो काळ त्या माणसाने कसा काढला, यात तुमच्या अभ्यासाचं निम्मं उत्तर असतं.

७. छोटा प्रयोग

आता तंबाखूच्या कामांच्या यादीतलं एक काम आणि सुटलेल्यांकडून मिळालेली एक युक्ती जोडा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'असं झालं की तसं करीन' या घाटाच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. 'तंबाखू कमी करीन' यापेक्षा 'चहाचा ग्लास खाली ठेवला की लवंग तोंडात टाकीन आणि टाकीवर हात धुवायला जाईन' हे जास्त चालतं, कारण ते त्या क्षणाला बांधलेलं असतं. ठराव त्या माणसाच्याच शब्दांत लिहा.

पर्याय म्हणून सुपारी किंवा पान मसाला सुचवू नका. सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे. '२१ दिवसांत सवय लागते' हेही सांगू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एक नवी कृती अंगी बाणवायचा प्रयत्न केला; ती आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातही अभ्यास ८४ दिवसांचा होता, मोठे आकडे गणिताने काढलेले, आणि प्रश्न नवी सवय लागण्याचा होता, जुनी सुटण्याचा नव्हता.

तुम्ही अभ्यासक आहात, उपचार करणारे नाही. तोंडाच्या आत कायम राहिलेला पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, किंवा तीन बोटं उभी जातील इतकं तोंड न उघडणं दिसलं, तर प्रकल्प बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा. सोडायला मदत हवी असेल त्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक द्या.

८. 'सुटली' कशाला म्हणायचं

याची व्याख्या प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून ठेवा. गेल्या सात दिवसांत एकदाही नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच विचारायचं, ही नवख्यांसाठी ठीक व्याख्या. सहा महिन्यांनी जो भेटलाच नाही त्याची सुटली नाही असं धरायचं. कडक वाटेल, पण न भेटणाऱ्यांत पुन्हा सुरू झालेलेच जास्त असण्याचा संभव असतो. लग्नात एकदा खाल्ली आणि परत थांबला, ही घसरण. पुन्हा रोज सुरू झाली, ही पुनरावृत्ती. दोन्ही वेगळ्या नोंदवा. एकदा घसरल्यावर 'आता गेलंच सगळं' असं वाटून माणूस पूर्ण परततो, हे अ‍ॅलन मार्लॅट यांनी दाखवलं होतं, म्हणून घसरणीनंतर त्याच्या मनात काय आलं ते जरूर विचारा.

कमी करणारेही मोजा. भारतातल्या तीन ठिकाणच्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांवरचा, मौखिक कर्करोग टाळण्यासाठीचा मोठा प्रयत्न १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही सोडणाऱ्यांबरोबर कमी करणारे मोजले होते. तुमच्याकडे तीस माणसं असतील. तुलनेला शेजारची एक वस्ती ठेवा, जिथे तुम्ही फक्त विचारता, सुचवत काही नाही.

आणि कॅलेंडर बघा. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या गावात दिवाळीच्या सुमारास माणसं निघतात. पहिली भेट श्रावणात आणि दुसरी माघात ठेवलीत तर कुलपं मोजून याल.

९. लिहिणं आणि परत जाणं

अहवालात तक्ते दोन-तीन पुरेत; उरलेली जागा नोंदींना द्या. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. लहान गावात 'फरशी बसवणारा, दोन मुली, भावाला कर्करोग' एवढं वाचलं की सगळ्यांना कळतं. निष्कर्ष बचत गटाच्या बैठकीत किंवा पारावर वाचून दाखवण्याआधी ज्यांच्याबद्दल जे लिहिलं आहे ते त्यांना एकेकट्याने वाचून दाखवा, आणि त्यांनी खोडा म्हटलेली ओळ खोडा.